काच की रोल

मी राधाकृष्णांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना डोकं नव्हतं.

धोतर होतं, कोट होता, धुळीनं माखलेल्या वहाणा होत्या. पण छातीच्या वर सगळं काळं फडकं. हिंगोलीच्या मुन्सफ कचेरीपुढे तीन पायांच्या घोडीवर लाकडी कॅमेरा उभा, आणि त्यात हे गृहस्थ शिरलेले. समोर सगळी कचेरी छाती काढून बाकांवर बसली होती. मुन्सफसाहेबांची बदली झाली होती, त्याचा फोटो. माझे बाबा विष्णुपंत तिथे कारकून. मी त्यांचा डबा घेऊन गेले होते.

“अहो बाई, बाजूला व्हा! तुमी उलट्या चालून राहिल्या,” फडक्यातून आवाज आला.

“मी सरळच चालते आहे.”

“व्हय, पण मला आतून तुमचे पाय आभाळात दिसून राहिले.”

सगळी कचेरी हसली. बाबा सोडून.

फडकं बाजूला झालं. डोकं निघालं... केस विस्कटलेले, कानशिलावर घाम, आणि डोळे – डोळ्यांचं राहू द्या. त्यांनी कॅमेऱ्यात काच बसवली, माझ्याकडे पाहिलं, आणि पाहता पाहताच भिंगावरचं झाकण काढलं. “एक... दोन...” मी घाबरले आणि नेमकी समोरूनच पळाले.

चार दिवसांनी ते ती काच घेऊन आमच्या ओसरीवर. बाकाच्या टोकावरच्या कारकुनाच्या तोंडावरून माझा पदर धुरासारखा गेला होता. तो कारकून म्हणजे बाबा. मुन्सफसाहेब तर केव्हाच औरंगाबादला निघून गेलेले.

“काचेवर बारीक पेन्सिलीनं भरून काढता येतं,” ते म्हणाले, “पण माझा हात या कामाला जड.”

बाबांची विधवा बहीण, गंगूताईआत्या, आमचं घर सांभाळायची. ती म्हणाली, “आमची कालिंदी तांदळाच्या दाण्यावर गणपती काढती. द्या तिच्याकडं.”

मी मन लावून भरलं. जाता जाता बाबांच्या मिशीलाही दोन हात चढवले, जरा भारदस्त दिसावी म्हणून. मला कुठे ठाऊक, की काचेवर काळं ते कागदावर पांढरं होतं! फोटो आला. सगळी कचेरी काळ्या मिशांची, एकटे बाबा पिकलेले.

“काय हो,” बाबा म्हणाले, “मी पेन्शनीत निघालो वाटतं?”

राधाकृष्ण इतके हसले, इतके हसले, की बाबांनाही हसावं लागलं. तेव्हापासून त्यांच्या सगळ्या काचा माझ्याकडे यायला लागल्या.

ते गोरेगावच्या देवळातल्या पुजाऱ्यांचे धाकटे चिरंजीव, आमच्याच ज्ञातीतले. पूजा थोरल्या भावाकडे, यांच्याकडे कॅमेरा. दर आठवड्याला फडक्यात गुंडाळलेल्या काचा घेऊन यायचे आणि ओसरीवर बसायचे. आत्या उंबऱ्यात वाती वळायची. मी दाराआड उभी राहायची, आणि मधून काचा इकडून तिकडे.

“या पाटलीणबाईंचे देवीचे वण काढा. पण सगळे नका काढू.”

“काहून?”

“मागच्या खेपेला एकाची बायको तुमी इतकी गुळगुळीत केली, त्यानं वळखलीच न्हाई.”

“मग? आवडली का त्यांना?”

“लई! मला विचारून राहिला, हिचं माहेर कुठलं?”

आत्या वाती वळता वळता खोकायची. तो खोकला खरा नसायचा.

असं वर्षभर चाललं. मग एक दिवस ते आले ते कपाळाला आठ्या घालूनच.

“साठ रुपये जमलेत,” ते म्हणाले. “नांदेडच्या दुकानदाराकडं दोन गोष्टी आहेत, आणि साठात एकच येती. एक तर आपला हाच कॅमेरा ठेवायचा आन् नवं भिंग घ्यायचं. झाकण काढून आकडे मोजणं नको. कळ दाबली की खट्! लेकरू हललं तरी फोटो येतो.”

लेकरू तीन आकडे स्थिर बसत नाही. हे तेव्हा मला त्यांच्या काचांवरून कळत होतं – प्रत्येक आईच्या मांडीवर दोन डोक्यांचं पोर! आता घरच्या अनुभवानं कळतं.

“आन् दुसरं?”

“हा द्यायचा आन् घडीचा घ्यायचा, रोलवाला. खिशात मावतो. एका रोलात आठ फोटो. काच न्हाई, तर फुटायची तकलीफ न्हाई. तुमी सांगा, कोनतं घेऊ?”

“मला काय कळतं त्यातलं?”

“माझी एकूणएक काच तुमच्या हातून जाती. तुमाला न्हाई तर कोनाला कळंल?”

मी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. सहज विचारावं तसं विचारलं, “रोलवर पेन्सिल चालते?”

“छे. चेहरा हरभऱ्याएवढा. त्यावर कुठं पेन्सिल चालती?”

“म्हणजे मग...”

“म्हणजे मग काय?”

“काही नाही. भिंग घ्या.”

“बराबर!” ते म्हणाले. किती चटकन म्हणाले! आठ्या गेल्या, उठून चालायला लागले. जाताना काच न्यायचीही विसरले.

मला त्या दिवशी फार हलकं वाटलं. तेवढंच फार वाईटही वाटलं.

पुढच्या आठवड्यात ते नरसीला गेले होते. यात्रेकरूंची गर्दी होती, बारा काचांवर फोटो घेतले. येताना बैलगाडीचं चाक खड्ड्यात गेलं. माझ्यापुढे पेटी उघडली तेव्हा पाचच धड होत्या.

“यात कुरुंद्याचे एक आजोबा होते,” तुकडे जुळवत ते म्हणाले. “म्हणले, मी गेल्यावर पोरांना तोंड तरी दिसंल. आता त्यांना कुठं हुडकू?”

मी तुकडे वेचत होते. एका तुकड्यावर फक्त पागोटं होतं. रोल असता तर ते आजोबा खिशात बसून सुखरूप घरी आले असते. हे मला आठवड्यापूर्वीच कळत होतं. कळूनही मी भिंग म्हणाले होते... कुणासाठी?

“रोलच घ्या,” मी म्हणाले.

त्यांनी मान वर केली. “मागं तर भिंग म्हणल्या.”

“आता रोल म्हणते.”

“पक्कं?”

“हो. म्हणजे... नाही. भिंगही वाईट नाही. पण नको. रोल.”

“कालिंदीबाई, मी आधीच गोंधळलोय. तुमी तर मला पार उलटा टांगून राहिल्या!”

“कालिंदे,” उंबऱ्यातून आत्या म्हणाली, “तू कॅमेऱ्याचं सांगून राहिली, का दुसऱ्याच कशाचं?”

माझे कान तापले. दाराची कडी हातात गच्च धरली, आणि तोंडातून निघून गेलं –

“काच गेली की पेन्सिल गेली. पेन्सिल गेली की मग तुम्ही आमच्याकडे... कशाला याल?”

आत्याच्या वातीही थांबल्या.

 राधाकृष्णांनी फुटके तुकडे फडक्यात बांधले, पेटी उचलली. ओसरीच्या पायरीवर जरा थांबले, मागे वळतील असं वाटलं... वळले नाहीत. गेले.

दहा दिवस ते आले नाहीत. मी काय बोलून बसले? त्यांना राग आला, का हसू आलं, का काहीच कळलं नाही? कधी वाटे, बोलले ते बरं झालं. भाकरी थापता थापता वाटे, जीभ चावली असती तर बरं. आत्याला विचारावं तर ती म्हणे, “मला कॅमेऱ्यातलं कळत न्हाई बाई.”

अकराव्या दिवशी बाबा कचेरीतून येऊन पाय धूत होते. ओसरीवर वहाणा वाजल्या. मी दाराआडून पाहिलं. राधाकृष्ण. कोटाच्या खिशाला एक चौकोनी फुगवटा, आणि हात... दोन्ही हात रिकामे.

“या,” बाबा म्हणाले. “काचा कुठं?”

“काचा संपल्या. नांदेडहून रोलचा कॅमेरा आणला. लाकडी दिला.”

“बरं केलं. मग आज आमच्याकडं काय काम काढलं?”

“काम न्हाई.” त्यांनी खिशावरून हात फिरवला. “काम काहीच राहिलं न्हाई, विष्णुपंत. आता कामाविना या घरी यायची परवानगी पाहिजे. कायमची. थोरले भाऊ रविवारी रीतीनं बोलायला येतील... पण तुमी न्हाई म्हणणार असाल, तर त्यांना तकलीफ कशाला, म्हणून आधी मी आलो.”

बाबा तसेच उभे. पायांवरून पाणी निथळत होतं. त्यांनी बहिणीकडे पाहिलं. आत्या खोकलीसुद्धा नाही.

“पोरीला विचारावं लागंल,” बाबा शेवटी म्हणाले. “आन् गंगू सांगून राहिली, हिचं मत दर आठवड्याला बदलतं.”

“बदलतं,” राधाकृष्ण म्हणाले, “म्हणून तर आजच विचारा.”

आत्यानं हळूच दार पूर्ण उघडलं. पाठीमागे लपायला काहीच उरलं नाही. मी ओसरीवर आले, त्यांच्यासमोर, उजेडात. बाबांनी अजून विचारलंही नव्हतं.

“व्हय,” मी म्हणाले.