माझी नीज तू घे

"तुझं भय मला दे, माझी नीज तू घे."

शाळेच्या बोळात काळा कुत्रा दात विचकून उभा होता, तेव्हा थोरलीनं हे म्हटलं होतं. धाकटी पाच वर्षांची, थोरली नऊची. थोरलीनं धाकटीच्या छातीवर तळहात ठेवला आणि नळ बंद करावा तशी आतली धडधड थांबली. धाकटी कुत्र्याकडे बघून चक्क हसली. थोरली मात्र घर येईपर्यंत लटलट कापत होती.

त्याला आता चाळीस वर्षं झाली. धाकटी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. सुई धरलेला तिचा हात कधी हलला नाही, कापसाचा बोळा दाबून झाला तरी लोक विचारतात, "बाई, टोचलंत कधी?" अंथरुणाला पाठ टेकली की ही झोपलीच. थोरली शिवणकाम करते. तिचं मशीन उजाडायच्या आधीपासून खडखडायचं, कारण डोळ्याला डोळा लागायचा नाही. दोघींनी लग्नं केली नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, खिडकीतलं ऊन आणि एकमेकींची थट्टा, एवढ्यावर त्यांचं छान चाललं होतं.

गेल्या वर्षी थोरलीचा चेहरा चंद्रासारखा गोल झाला, हातापायांच्या काड्या झाल्या, रक्तदाब आभाळाला भिडला. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन ग्रंथी बसलेल्या असतात. माणसाला सकाळी उठवायचं काम त्यांचं, आणि संकटात काळीज धडधडवायचंही त्यांचंच. थोरलीच्या त्या दोन्ही लिंबाएवढ्या फुगल्या होत्या. सर्जननी त्या काढून टाकल्या.

"दोन माणसांचा भार ओढून दमल्यासारख्या दिसत होत्या," ते म्हणाले. "आता त्यांच्याऐवजी रोज तीन वेळा गोळी. चुकली तर जिवावर बेतेल."

धाकटीनं गोळ्यांसाठी खणाखणाची डबी आणली. डबी रोज नेमानं रिकामी होई. थोरलीचा चेहरा पुन्हा निमुळता झाला. ती चक्क घोरू लागली.

"ताई, काल तुझ्या घोरण्यानं कपाट हललं."

"हलू दे की. चाळीस वर्षांची तुंबलेली झोप आहे, आवाज होणारच!"

चहाही आता थोरलीच करायची. सकाळी, संध्याकाळी, आणि दुपारसाठी थर्मासमध्ये भरून. जरासा कडवट लागायचा. "पत्ती बदललीय," थोरली म्हणायची. इतक्या मायेनं हातात दिलेल्या चहाला नावं कोण ठेवणार?

मग सर्जननी सकाळच्या गोळीआधीचं रक्त तपासायला सांगितलं. धाकटीनं ते घरीच काढून घेतलं, आणि यंत्राची खातरजमा व्हावी म्हणून स्वतःचंही. गडबडीत चहा न घेताच ती निघाली. प्रयोगशाळेच्या जिन्यावर एकाएकी पायांतलं बळ गेलं. कठड्याला धरून ती स्वतःशीच हसली. उपाशी पोटाची नाटकं, दुसरं काय!

आकडे आले. थोरलीचं कॉर्टिसॉल, म्हणजे त्याच ग्रंथींतून रक्तात येणारा रस, सतरा. धडधाकट माणसाचं असावं तसं. ग्रंथीच नाहीत, तर हे आलं कुठून?

आणि धाकटीचं, एकसुद्धा नाही, अर्धा.

नळ्यांची अदलाबदल झाली असणार. दुसऱ्या दिवशी तिनं थोरलीच्या नळीवर लाल शाईनं लिहिलं, स्वतःच्या नळीवर निळ्या. पुन्हा बिनचहाची सकाळ. पुन्हा जिना, पुन्हा कठडा.

लाल सतरा. निळी अर्धा.

अर्ध्यावर माणूस उभं राहत नाही, हे तिला पाठ होतं. दुपारी तिनं थर्मासमधला कडवट चहा घेतला. तासाभरात अंगात तरतरी आली. कपाच्या तळाशी पांढुरका गाळ उरला होता. तो तिनं बोटावर घेतला आणि जिभेला लावला.

भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. सवयच नव्हती.

संध्याकाळी ती घरी आली, तेव्हा थोरली खिडकीपाशी कुणाच्या तरी फ्रॉकचा घेर शिवत होती. गाल तुकतुकीत. ओठांवर गुणगुण.

"ताई, गोळ्या घेतेस ना?"

"डबी बघ की. रिकामी आहे."

"घेतेस का, ते विचारतेय."

मशीन थांबलं.

थोरली उठली. चहाचा कप आणून धाकटीसमोर ठेवला. मग तिच्या छातीवर तळहात टेकवला, बोळात टेकवला होता तसाच. आत सगळं शांत होतं.

"सांगणारच होते गं तुला," ती हळूच म्हणाली. "ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू माझ्या खाटेशी खुर्चीत झोपली होतीस. लेकरासारखी. मनात आलं, हिच्या ग्रंथी चाळीस वर्षं नुसत्या पडून आहेत. हिच्या वाटचं सगळं मीच भ्यायले. कोरं कापड पेटीत ठेवून काय करायचं, तूच सांग!"

"ताई..."

"पी, गार होईल. तुझी एकही गोळी चुकवली नाही मी. कडू लागू नये म्हणून साखरसुद्धा जास्त घालते." थोरलीनं तिच्या कपाळावरची बट मागे सारली आणि सुखानं हसली. "तेव्हा तुझ्या छातीवर हात ठेवून एवढंच म्हटलं होतं मी: तुझ्या कोऱ्या मला दे, माझ्या गोळ्या तू घे."