आलीदेच्या घरी जुनिपर नाही

आमच्या सारेमा बेटावर जुनिपरवाचून कुणाचं पान हलत नाही. हे काटेरी झुडूप बर्फातही हिरवं असतं, माळावर मेंढ्यांइतकंच मुबलक. मासे त्याच्याच धुरावर धरायचे, पोट बिघडलं की त्याची निळी फळं चावायची, न्हाणीघरात वाफ घेताना त्याच्याच जुडीनं अंग झोडायचं. लोण्याची सुरीसुद्धा त्याच्या लाकडाची. मी औषधाच्या दुकानात कामाला होते; तिथंही बरणीभर फळं असायचीच. म्हणून त्या वसंतात धाकट्या बहिणीच्या, आलीदेच्या घरी जुनिपरचा मागमूस नाही, हे माझ्या लगेच ध्यानात आलं.

तिचा नवरा आर्वेद हिवाळा सरताना सील प्राण्यांच्या शिकारीला गोठलेल्या समुद्रावर गेला होता. बर्फ फुटून तो पाण्यात गेला, हे सोबत्यानं डोळ्यांनी पाहिलं. घरात रडारड झाली. आणि दोन-तीन दिवसांनी आर्वेद किनाऱ्यावरून चालत घरी आला. बर्फाच्या लादीवर चढलो, वाहत पलीकडच्या बेटाला लागलो, असं म्हणाला. सगळ्यांनी मानलं. मीही.

मात्र त्यानंतर आलीदेनं लोण्याच्या सुऱ्या विहिरीमागे पुरल्या. जाळल्या असत्या तर वास सुटला असता. मासे ती मिठात घालू लागली. कुंपणालगतची झुडपं तिनं मुळासकट उपटून दूर टाकली. मी फळांची पुडी नेली, तर तिनं ती दारातच घेतली आणि मला आत ये म्हणाली नाही. मला वाटलं, पलीकडच्या बेटावर आर्वेदची कुणीतरी आहे आणि ही काहीतरी झाकतेय. मी त्यालाच आडून विचारलं. तो हसला. जुनिपर मला सोसत नाही असं तुझी बहीण म्हणते, मला तर काही कळत नाही, म्हणाला.

उन्हाळ्यातल्या मोठ्या सणाला बिअर घरीच करायची, आणि ती जुनिपरच्या फांद्यांतूनच गाळायची. आईमागे ते काम माझ्याकडे आलं होतं. मी पिंपाच्या तळाशी फांद्या रचत होते, तेव्हा आलीदे अंगणात येऊन उभी राहिली.

"ताई, यंदा आमच्याकडे बिअर पाठवू नकोस."

"का गं? एवढं काय लपवतेयस?"

ती त्या फांद्यांकडे बघत राहिली.

"माणूस गेलं की घरात याचाच धूर फिरवतात. कशाला, ठाऊक आहे ना?"

"आपण गेलोय हे त्याला कळावं म्हणून."

"मी नाही फिरवला," ती म्हणाली. "त्याला अजून माहीत नाही."

त्या दोन-तीन दिवसांच्या दुःखानं तिच्या मनावर परिणाम झालाय, असं मी धरलं. तिच्यादेखत आर्वेद पेलाभर बिअर प्यायला आणि काही झालं नाही, की तिची भीती जाईल. सणाच्या दिवशी भर दुपारी मी सुरई घेऊन त्यांच्याकडे गेले. आलीदे चुलीशी होती. ती वळायच्या आत मी पेला भरून आर्वेदच्या हातात दिला.

त्यानं वास घेतला. मग सावकाश, सगळी प्यायला.

काही झालं नाही. मी आलीदेकडे पाहून हसलेसुद्धा.

आर्वेद खिडकीबाहेर बघत होता.

"मला कुठे पुरलंत?" त्यानं विचारलं. आवाज साधाच होता, जेवायला काय आहे विचारावं तसा.

आलीदेनं हात पुसले.

"तू सापडलाच नाहीस."

त्यानं मान हलवली. कोटाची बटणं लावली आणि जाळी बघायला जावं तसा किनाऱ्याकडे निघून गेला. आलीदे त्याच्यामागे गेली नाही.

नाताळच्या सुमारास तिला मुलगी झाली. गुटगुटीत आणि फार शांत. बाप्तिस्म्यासाठी आम्ही तिला उघड्या घसरगाडीतून चर्चला नेलं. थंडी अशी, की घोड्याच्या, आलीदेच्या, माझ्या तोंडून वाफेचे पांढरे लोट निघत होते.

पोर माझ्या मांडीवर जागी होती. तोंड किंचित उघडं ठेवून माझ्याकडे बघत होती.

तिच्या तोंडापुढची हवा नितळ होती.