दुर्गप्पाचा कान

मे महिन्यात सकाळी नऊलाच पारा पंचेचाळीसवर गेला होता आणि चिंचणगावचे उष्माघर अजून बंदच होते. सिमेंटवर बंधने आल्यापासून सोलापूरकडे दुपारी माणसे जगवायची ती या दगडी घुमटांनीच. हे बेचाळिसावे. बारा वाजता आतला कालबूत, म्हणजे घुमट बांधताना खालून तोलून धरणारा लाकडी सांगाडा, उतरवायचा होता. मग दगडाने दगडाला धरायचे आणि माणसांनी निर्धास्त खाली बसायचे.

दुर्गप्पा धोत्रे परांचीवर चहा पीत बसला होता. पाथरवटकी तीन पिढ्यांची, मिजास सात पिढ्यांची. पण ती त्याला शोभायची. दगड सलग आहे की आतून चिरलेला, हे तो हातोडीच्या एका ठोक्यात सांगे. चार वर्षांपूर्वी इंजिनियर फिरोज मुजावरने त्याच्याकडून नऊ हजार दगड वाजवून घेतले. दुर्गप्पा ‘खरा’ किंवा ‘खोटा’ म्हणे आणि शेजारचे यंत्र तो नाद शिकून घेई. त्या नादपरीक्षकाला सगळे ‘दुर्गप्पाचा कान’च म्हणत. आता प्रत्येक दगडाला यंत्रच ठोका देई आणि हिरवा दिवा लावी.

त्याची लेक नागम्मा कर्नाटकातले देवळाचे काम संपवून कालच आली होती. सवयीने ती घुमटाच्या वरच्या थरातले दगड हातोडीने वाजवत गेली आणि एका दगडापाशी थांबली.

“आप्पा, ह्यो खोटा हाय.”

दुर्गप्पाने ठोका दिला. नाद भरीव आला. यंत्रानेही हिरवा दिवा दाखवला.

“मामा आणि यंत्र एकीकडे, नागम्मा दुसरीकडे,” मुजावर हसला. “निकाल लागला की.”

“साहेब, ठोक्याच्या शेपटाला करकर येतीया. लई बारीक. पुन्यांदा ऐका, आप्पा.”

दुर्गप्पाने पुन्हा ऐकले. करकर नव्हतीच. त्याने हातोडी खाली ठेवली.

रातकिडे त्याला कित्येक वर्षे ऐकू येत नव्हते. कुकरची शिट्टीही दुसऱ्याने सांगावी लागे. हातोडीने कान खाल्ले होते, पण झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून तो गप्प राहिला. दगडाचे खरेखोटे आपल्या हातालाही कळते, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

नागम्मा खाली उतरली. यंत्राने पास केलेल्या शिल्लक दगडांपैकी एक तिने वाजवला, त्यात पाचर घातली आणि घण मारला. दगड दुभंगला. आतली बाजू तांबूस होती. पाणी मुरलेली जुनी चीर आरपार गेली होती. तिने दुसरा फोडला. तोही तसाच निघाला.

“कालबूत उतरवू नका,” दुर्गप्पा म्हणाला. “साहेब, चूक यंत्राची न्हाई. माझीच हाय. मला बारीक आवाज येत न्हाईत. यंत्राला शिकवलं तवाबी येत नव्हते.”

मुजावरचा चेहरा उतरला. “बाकीचे एकेचाळीस घुमट?”

“समद्यांत माझाच कान.”

साडेअकरा झाले होते. एव्हाना त्या एकेचाळीस घुमटांखाली म्हातारी माणसे, बाळंतिणी, लहान पोरे येऊन बसली असतील. मुजावरने फोन काढला आणि तसाच हातात धरून राहिला. घुमट आज पडतील, दहा वर्षांनी पडतील की कधीच नाही, हे कुणाला सांगता येत नव्हते. लोकांना बाहेर काढले तर मात्र ऊन आजच्या आज बळी घेणार होते.

“तुम्ही आधीच का नाही बोललात, मामा?”

“लाज वाटली,” दुर्गप्पा म्हणाला. त्याला रडू फुटत होते.

शेवटी मुजावर नागम्माकडे वळला. “आता यंत्राला तू शिकवायचंस. आत्तापासून. संध्याकाळी गर्दी ओसरली की पहिला घुमट पुन्हा वाजवून घेऊ.”

तिने मान हलवली आणि हातोडी उचलली. वीस वर्षे ती हातोडी तिच्या हातात होती, त्याच धुळीत, त्याच ठणठणाटात. आपल्या कानांतून पहिला आवाज नेमका कधी गेला, हे दुर्गप्पाला आठवून आठवून सापडेना. जाताना तो आवाज काही सांगून गेला नव्हता.

“नागे,” त्याने भीतभीत विचारले, “तुला समदं ऐकू येतं न्हवं?”

“येतंय की, आप्पा.”

पण जे ऐकूच येत नाही, ते येत नाही हे तिला तरी कसे कळणार होते?