अर्धा निळा, अर्धा लाल कंदील

पेंढा भरलेल्या पिशव्या अठ्ठेचाळीस. त्यांपैकी धिंगरी अळिंबीच्या नीट छत्र्या आलेल्या सात. उरलेल्या एक्केचाळीस पिशव्यांतून नुसते लांबलचक पांढरे देठ बाहेर आले होते. टोपी एकाही देठाला नाही!

मंजुळाने आकडे वहीत लिहिले. पिशव्या तिच्या कमळाकाकूच्या, कोलशेतच्या घरामागच्या शेडमध्ये टांगलेल्या. २००३ च्या दिवाळीच्या सुट्टीला ठाण्याहून आलेली मंजुळा पहिल्याच दिवशी या भानगडीत सापडली होती.

"पाणी!" शिवरामकाका दारातूनच कडाडले. "भरतीला विहीर मचूळ होते. भागीरथीने न चाखता तेच ओतलं. पाडव्याला सगळा पेंढा उकिरड्यावर, आणि उद्यापासून ती शेडमध्ये नको!"

"कवा नाय घातला मी मचूळ पानी!" कोळीवाड्यातून शेडच्या कामाला येणारी भागीरथी मावशी एवढंच बोलली. बादली खाली ठेवून ती खाडीकडे निघून गेली. तिचा मुलगा धाकू पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला.

काका गेल्यावर मंजुळाने बादलीत बोट बुडवून चाखलं. पाणी गोडं होतं.

"हे आजचं झालं," तिचा चुलतभाऊ उत्तम म्हणाला. तो काकांचाच मुलगा. "त्या दिवशी खारट असेल तर?"

"मग त्या सात पिशव्यांनी काय शहाळ्याचं पाणी प्यायलं?" धाकू उसळला. "आय सगळ्यांना एकाच बादलीतून पाणी घालते!"

"तू गप रे, खेकड्या!"

"तू गप, फोटोवाल्या!"

"दोघंही गप!" मंजुळा म्हणाली. ती त्या सात पिशव्यांकडे बघत होती. सातही दाराजवळ होत्या. दाराच्या फळीला बोटभर फट होती आणि तिच्यातून उन्हाची पट्टी नेमकी त्यांच्यावर पडत होती. बाकी शेडच्या खिडक्यांना काकांनी काळा कागद डकवला होता. "अळिंबी अंधारातच वाढते," असं त्यांचं ठाम मत. कामापुरता लाल दिवा तेवढा होता, त्यांच्या नौपाड्यातल्या फोटो स्टुडिओच्या डार्करूममधून आणलेला.

"काका लालच दिवा का लावतात?"

"फोटोच्या कागदाला लाल उजेड कळत नाही म्हणून," उत्तम ऐटीत म्हणाला. "पप्पा म्हणतात, कागदाला नाही कळत, तर बुरशीला काय कळणार!"

"आणि खरंच कळत नसेल तर? उजेड पडलाय हेच तिला कळत नसेल तर?"

उत्तमने डोकं खाजवलं. "पण फटीतून वारासुद्धा येतो. कशावरून उजेडच?"

प्रश्न बरोबर होता. मंजुळाने तोही लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी तिघांनी आकाशकंदील केला. टेंभी नाक्यावरच्या नवरात्राच्या सजावटीतला जिलेटीन कागद उत्तमने आणला. कंदिलाची एक बाजू निळी, दुसरी लाल!

"पप्पा, शेडमध्ये कंदील लावू?" उत्तमने भोळा चेहरा केला.

"दिवाळीच्या पाच दिवस आधीच? लावा! नाहीतरी ते सगळं फेकायचंच आहे."

त्यांनी आधी दाराची फट चिखलाने लिंपली. मग बिनटोपीच्या बारा पिशव्यांचे देठ खुडून सहा निळ्या बाजूला, सहा लाल बाजूला टांगल्या. मध्ये गोणपाटाचा पडदा सोडला. बल्ब एकच आणि हवाही तीच. पाणी धाकू मापट्याने मोजून घाली, त्याच विहिरीचं.

तीन दिवस काहीच झालं नाही. "पाडव्यापर्यंत काहीच आलं नाही तर?" धाकूने विचारलं. मंजुळाने वहीत तिसरं शून्य लिहिलं. चौथ्या सकाळी निळ्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढे दाणे दिसले!

पाडव्याला काका टोपली घेऊन आले. मंजुळाने पडदा बाजूला केला. निळ्या बाजूच्या सहाही पिशव्यांवर टोप्या उमलल्या होत्या. लाल बाजूला सहाही पिशव्यांवर पुन्हा देठच देठ.

"दोन्हीकडे पाणी विहिरीचंच, काका. आजही चाखून बघा."

काकांनी चाखलं. पाणी गोडंच होतं.

फराळाला आलेला शेजारचा श्रीपाददादा वनस्पतिशास्त्रात एमएस्सी करत होता. तो म्हणाला, "पावावरच्या नारिंगी बुरशीत एक प्रथिन असतं. ते निळा उजेड टिपतं आणि झोपलेली जनुकं जागी करतं. ते प्रथिनच उजेड टिपतं, हे गेल्याच वर्षी सिद्ध झालं. लाल उजेड त्याच्या लेखी अंधारच. धिंगरीतही तसंच काही असावं, पण ते अजून कोणी दाखवलेलं नाही."

"म्हणजे मीच अळिंबीला डार्करूममध्ये कोंडलं!" काका म्हणाले. ते स्वतः कोळीवाड्यात गेले. "भागीरथीबाई, चूक माझी होती. उद्यापासून या. आणि तुमचा धाकू काय माप धरतो हो! त्या तिघांनी मला शिकवलं."

"धाकू सकाळचा भात जेवला का, त्ये आधी सांगा," भागीरथी मावशी म्हणाली आणि लगेच शेडकडे निघाली.

काळे कागद त्याच दुपारी निघाले. उरलेल्या एकोणतीस आणि लाल बाजूच्या सहा, अशा पस्तीस पिशव्यांचे देठ खुडून त्यांना दिवसाचा उजेड दिला. मंजुळाने नवव्या दिवशी काकूच्या तराजूवर वजन केलं आणि वहीत नोंदवलं:

पस्तीसपैकी तेहतीस पिशव्यांना टोप्या. नऊ किलो आठशे ग्रॅम.