वशिला लेट

त्यानं मला पहिल्यांदा हाक मारली ती ‘अक्का’ म्हणून.

"अक्का, गूळ हाय का?"

मान वर केली. मिसरूड फुटलेला, डोक्यावर कानटोपी, थंडीनं नाक लाल झालेलं… हा मला अक्का म्हणतोय? माझ्याहून थोरला असेल, नक्कीच.

अप्पा जेवायला घरात गेले होते. चिटगुप्प्याच्या बाजारपेठेतल्या आमच्या दुकानावर मी एकटीच, मांडीवर इंग्रजीचं पुस्तक. चैत्रात मॅट्रिक होती, तीही घरी शिकून. उर्दू येत होती, कन्नड आणि मराठी तर घरात एका वाक्यात नांदायच्या. इंग्रजी मात्र ओसरीवरच्या पाहुण्यासारखी… या म्हटलं तरी आत येईना. म्हणून मी मोठ्यानं घोकत होते, "वशिला… लेट. वशिला… लेट."

गुळाचं गिऱ्हाईक गालात हसलं.

"हसायलाव कामून?"

"हसलो न्हाई. अर्थ काय लावलाव त्याचा?"

"सोपा हाय. ज्याचा वशिला उशिरा पोचतो, तो माणूस. असली माणसं आमच्या गावात लई हायत."

मग मात्र तो खांबाला टेकून हसला. कानटोपी काढून डोळे पुसले त्यानं. मला इतका राग आला… आणि रागात एवढंच दिसलं की हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडते.

"व्हॅसिलेट," तो म्हणाला. "हे बघा." तुळईला टांगलेल्या आमच्या तागडीचं पारडं त्यानं बोटानं हलवलं. "घडीत हिकडं, घडीत तिकडं. काटा ठरंना. मन असं करायलं की व्हॅसिलेट."

पारडं झुलत राहिलं. मी पारड्याकडे बघायचं, ते त्याच्या बोटाकडे बघत बसले.

"शुक्रवारपर्यंत एक वाक्य करून ठेवा."

"तुम्ही मास्तर हाव?"

"न्हाई. गिऱ्हाईक."

हा ईरण्णा. निंबर्ग्याचा. गुलबर्ग्याला इंटरला होता आणि अभ्यासासाठी मामाकडे येऊन राहिला होता. मामा म्हणजे मागच्या गल्लीतले तेलघाणेवाले काशप्पाकाका, अप्पांचे जुने दोस्त.

शुक्रवारी बाजाराच्या गर्दीतून कानटोपी दिसली आणि मी उगाच तूरडाळ चाळायला घेतली.

"वाक्य?"

"आमची शेळी कडबा आणि पुस्तक यांच्यामध्ये व्हॅसिलेट करते."

"मग? ठरलं का तिचं?"

"ठरलं. एक पान खाल्लं."

त्यानं गूळ घेतला. सोमवारी पुन्हा घेतला. बुधवारीही.

"काकांच्या घरात एवढा गूळ कशाला लागायलाय?"

"मुंग्या लई झाल्यात, अक्का."

"अक्का म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

मी चारही भाषा चाळून बघितल्या. मग तोललेला गूळ पुन्हा तोलायला घेतला.

आतून आईचा, म्हणजे अव्वाचा, आवाज आला, "शिवगंगा, गूळ तोलायला एवढा वेळ?"

"काटा ठरंना, अव्वा."

"कुणाचा?"

तो पुडी घेऊन जो पळाला… चप्पल पायरीवरच राहिली. परत येऊन घेऊन गेला, माझ्याकडे न बघता.

आणि मग मागच्या महिन्यात मला बघून गेलेल्या करजगीच्या स्थळाचा निरोप आला. मुलगी पसंत. शुक्रवारी दुपारच्या मोटारीनं येतो, शब्द द्या. परीक्षा-बिरीक्षा नको, आमच्या घरात बायकांना पुस्तकाचं काम पडत नाही. स्थळ मोठं, घर भरलेलं. नाही म्हणायला अप्पांकडे कारण नव्हतं.

ईरण्णा आला तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. बोलताना पुस्तकाच्या कडा घट्ट धरल्या होत्या.

तो पारड्याशी चाळा करत राहिला. "मामाला विचारायला पायजे… पण माझं इंटर राहिलंय… तुमचे अप्पा काय म्हणतील… बघू—"

मी पारडं हातानं थांबवलं.

"यू व्हॅसिलेट," मी म्हणाले. "वापर बरोबर हाय का, मास्तर?"

त्याचा चेहरा पडला. त्या दिवशी त्यानं गूळ नेला नाही. नंतरही दिसला नाही.

शुक्रवार उजाडला. अव्वानं मला इरकली नेसवली. अप्पा दुकानाच्या दारात उभे, नजर मोटारीच्या रस्त्याकडे. मी डाळीच्या पोत्यांमागे, माझी नजर मागच्या गल्लीकडे. कुणीच येईना. दूरवर मोटारीचा भोंगा वाजला.

तेवढ्यात काशप्पाकाका धापा टाकत आले, हाताला तेल तसंच. मागे ईरण्णा, कानटोपी हातात.

"शरणु, रेवणप्पा," काकांनी अप्पांना हात जोडले. "तुझी शिवगंगा मला दे. माझ्या भाच्यासाठी."

"आता आलास? मोटार यायलीय!"

"सकाळीच निघणार होतो रे. बैल बसला घाण्याचा, उठंना."

ईरण्णा पुढं झाला. घसा खाकरला. "अप्पा, मॅट्रिक होऊ द्या तिची. लग्न त्याच्यानंतर. पुढं शिकायचं म्हणली तरी मी आडवा येणार न्हाई." मग पोत्यांकडे बघून म्हणाला, "मी आता व्हॅसिलेट करायलो न्हाई."

मी तोंडावर पदर धरला, तरी शब्द निसटलाच. "वशिला लेट."

त्यानं ऐकलं. इतक्या घाबरलेल्या चेहऱ्यावरही ती खळी उमटली.

अप्पा एकदा काकांकडे बघत, एकदा रस्त्याकडे. शेवटी माझ्याकडे वळले. "करजगीच्या माणसांना मानानं जेवू घालून काय ते मी सांगतो. पण तू बोल, पोरी. व्हय का न्हाई?"

मी पुढे झाले, झुलणाऱ्या पारड्यावर तळवा ठेवला आणि ते खाली दाबलं, पार टेकेपर्यंत. काटा एका बाजूला गेला आणि तिथंच राहिला.

अप्पांनी काट्याकडे बघितलं. हसले. "व्हय," म्हणाले, आणि मोटारीला सामोरे गेले. काका त्यांच्या मागोमाग.

तो तिथंच उभा होता.

"गूळ किती देऊ?" मी विचारलं.

"सगळ्या गल्लीला पुरंल एवढा दे, शिवगंगा," तो म्हणाला. अक्का म्हणाला नाही.