दोन बोटं कमी

वीज मंडळात मी जन्मभर मीटर तपासले. त्या नोकरीनं एक खोड लावली. आकडा बघितल्याशिवाय मी कशावर विश्वास ठेवत नाही, माणसांवर तर नाहीच. म्हणून पुढं जे सांगतोय त्यात मोजता आलं ते मोजलं आहे. जे मोजता आलं नाही त्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

निवृत्तीनंतर मला लाकूडकामाचा नाद लागला. धाराशिवात बार्शी नाक्याच्या अलीकडं आमचं घर आहे, मागं पत्र्याची शेड. जुन्या दारांचं सागवान आणायचं, रंधा मारायचा, काहीतरी जोडायचं. पहिलं स्टूल केलं ते डुगडुगलं. फरशीच सपाट नाही असं मी म्हणालो, तर धाकटा भाऊ चारचौघांत म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं." मेव्हण्यांनी त्यावर कडी केली. "दाजी, आपुन पेठेतली मानसं. सुताराला बोलवावं, सुतार होऊ नये." पुण्यातल्या मुलाला फोटो पाठवला की तो नुसता अंगठा पाठवायचा. आणि माझी बायको राजेश्वरी शेडच्या दारात उभी राहून रोज विचारायची, "ह्या वयात काय सुतारकी मांडलाव ओ? समद्या घरात भुसा!"

ती हसत म्हणायची हे खरं. पण मला ते लागायचं, हेही खरं.

एकदा मोबाइलवर सुतारकामाचा व्हिडिओ बघताना मी खाली प्रश्न लिहिला, रंधा मारताना लाकूड उचकटतं ते का? तेरच्या हरिबा नावाच्या गृहस्थांनी उत्तर दिलं आणि मला त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेतलं. ग्रुपचं नाव 'रंध्याची मंडळी'. कोणी लातूरचे, कोणी बार्शीचे, कोणी ईटचे. सगळे हौशी, सगळे उतारवयाचे. मी त्या डुगडुगत्या स्टुलाचा फोटो भीतभीतच टाकला. कोणी हसलं नाही. "अण्णा, चारी पायांची उंची एकदा मोजून बघा," एकानं लिहिलं. दुसऱ्यानं स्वतःचं पहिलं स्टूल दाखवलं, ते माझ्याहून वाईट होतं. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं. लाजायचं कशाला, डोळ्यांत पाणी आलं होतं.

मंडळीची एक रीत होती. नवा माणूस रुळला की सगळे मिळून त्याच्यासाठी एक वस्तू करायचे. ज्यानं त्यानं आपल्या घरी एकेक भाग करून पाठवायचा, जोडायचं काम त्या माणसानं करायचं आणि शेवटची खुंटी त्यानंच ठोकायची. बार्शीच्या एकानं आपली वस्तू अर्धीच सोडली होती. त्याला काढून टाकलं, आणि पुन्हा त्याचं नावही कोणी घेतलं नाही.

माझी पाळी आली. हरिबांनी लिहिलं, "वीरप्पाअण्णा, तुमच्यासाठी बैठक करायची आहे. बसल्यावरची मापं पाठवा."

दुसरा कोणी असता तर खुर्चीवर बसून माप घेतलं असतं. आम्ही लिंगायत. रोज सकाळी लिंगपूजेला पाटावर मांडी घालून बसायचं, बसणं म्हणजे तेच. मी तसाच बसलो आणि गुडघ्यापासून गुडघ्यापर्यंत, खांद्यापासून खांद्यापर्यंत टेप लावून आकडे पाठवले. चूक नंतर ध्यानात आली. तसं कळवलं तर हरिबांचं उत्तर आलं, "असू द्या. तसंच पाहिजे."

लगोलग पार्सलं यायला लागली. "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं," राजेश्वरी म्हणाली. मी मात्र पहिलं पार्सल हातात धरून बराच वेळ उभा होतो. त्यावरचा टपालाचा शिक्का मी मापं पाठवली त्याच्या आदल्या दिवसाचा होता. शिक्का चुकला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या पार्सलवरही तसंच होतं. मग मी शिक्के बघायचं बंद केलं.

पाठ लातूरची, कडूनिंबाची. बूड ईटचं, बाभळीचं. उजवा हात तेरहून हरिबांचा. वेगळी गावं, वेगळी लाकडं, वेगळे हात. दोन मीटर कधी एकसारखे फिरत नाहीत हे मी हजारदा बघितलंय. इथं मात्र सांधे असे बसले की मध्ये कागद सरकेना. बुडाला खालून आरपार चार भोकं होती. ती पायांसाठी असावीत, असं मी धरून चाललो.

पाठ मोजली आणि मी चरकलो. मी पाठवलेल्या मापापेक्षा ती दोन बोटं कमी होती. हातही तसेच. मी बसून बघितलं, खांदे आत जाईनात.

"माप चुकलंय," मी लिहिलं.

"माप बरोबर आहे, अण्णा. घरात बसवून बघा."

मी कोणाला बसवलं नाही. दोन दिवसांनी दुपारी चहा घेऊन शेडमध्ये गेलो, तर राजेश्वरी तिथं मांडी घालून बसली होती. मांडीत ताट, ताटात तुरीची डाळ, खडे निवडायचं काम चाललेलं. पाठीला पाठ टेकलेली, कोपरं दोन्ही हातांवर नेमकी विसावलेली. दोन्ही बाजूंनी सूतभरही फट नव्हती.

"लई बरं बसतंय की ओ," ती म्हणाली. "कंबर दुखत न्हाय. तुमच्या लोकांला सांगा माझ्याकडून."

इतक्या दिवसांत माझ्या कामाबद्दल ती पहिल्यांदा चांगलं बोलली. मला इतका आनंद झाला की मी तसाच तिचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी हात जोडले. हरिबांनी एवढंच लिहिलं, "आता खुंटी."

खुंटी मी बाभळीची केली. ती ठोकायची त्या दिवशी शेजारचे गुरुसिद्धप्पा डोकावले. समाजात कोणी गेलं की सगळी व्यवस्था तेच बघतात. बैठकीभोवती ते एक फेरी फिरले, खाली वाकले आणि भोकांत बोट घालून बघितलं.

"पाय कुठं हायत ह्याला?"

"यायचेत."

"न्हाय यायचे." ते गंभीर झाले. "वीरप्पा, त्यात बांबू जातेत. हे इमान हाय, मयताचं. कुणी करून दिलं तुमाला?"

आमच्यात गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. मांडी घालून विमानात बसवतात, खांद्यावरून नेतात आणि बसलेल्या माणसालाच माती देतात. गुरुसिद्धप्पा जन्मभर विमानं बांधत आले. त्यांना ते पटकन दिसलं. मला दिसलं नव्हतं, असं नाही म्हणणार.

"असलं काम पुरं करू नये. खुंटी नका मारू. पडू द्या तसंच," ते म्हणाले.

मी नुसतं ऐकून घेतलं असतं तर बरं झालं असतं. पण माझं टाळकं फिरलं. हे करू नका, ते करू नका, सुतार होऊ नका. ज्यांनी मला धड एक शब्द दिला ती माणसं वाईट, आणि जन्मभर टोमणे मारणारे माझे हितचिंतक! खुंटी नाही मारली तर बार्शीवाल्यासारखा मीही बाहेर. मग पुन्हा ती शेड, तो अंगठा, तेच हसणं. गुरुसिद्धप्पांसमोरच मी मोगरी उचलली.

खुंटी तीन ठोक्यांत बसली.

ते चपला घालून निघून गेले.

मी हात झटकले. बाहेर ऊन होतं. घरातून कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

ती वाजतच राहिली.

स्वयंपाकघरात राजेश्वरी भिंतीला टेकून मांडी घालून बसली होती. डोळे उघडे होते. मी गॅस बंद केला. मग तिला हाक मारली. क्रम असाच होता, आधी गॅस. याची मला अजून लाज वाटते.

डॉक्टर म्हणाले, हृदय. असेल.

मठातलं विमान नेमकं दुसऱ्या गावी गेलेलं होतं. नवं बांधायला वेळ नव्हता, माणसं खोळंबली. शेवटी कोणीतरी शेडमधली बैठक उचलून आणली. गुरुसिद्धप्पांनी माझ्याकडं न बघता तिच्या भोकांतून बांबू घातले. ते तासावे लागले नाहीत.

त्या संध्याकाळी फोन उघडला. मी कोणालाही कळवलं नव्हतं. ग्रुपवर एकच ओळ होती. "वहिनी नीट बसल्या."

पंधरवड्याच्या आतच घर रिकामं झालं. मुलगा सुट्टी संपली म्हणून गेला. भाऊ येऊन आठवणी काढण्याऐवजी जागेच्या भावाचं बोलून गेला. मग मी एसटी धरली आणि तेरला हरिबांना गाठायला निघालो. गचांडी धरायची असं ठरवून गेलो होतो.

हरिबा माझ्यासारखेच निघाले. म्हातारे, एकटे, झाडून लख्ख केलेलं घर. त्यांनी चहा केला, कप दोनच होते. दाराशी अर्धवट तासलेली एक पाठ उभी होती.

"मापं कोण पाठवतं?" मी विचारलं.

"मला बी फोनवरच येतेत."

"कोणाकडून?"

"म्या इचारलं न्हाय." त्यांनी बशीत चहा ओतला. "पयल्यांदा इचारावं वाटलं व्हतं. माझी बी मानसं व्हती की घरात. पर अण्णा, इचारून ही मंडळी सुटली, तर मग जायचं कुठं? सांगा तुमी."

गचांडी राहिली बाजूला, मी चहा प्यायलो. निघताना त्यांनी मला धार लावलेली एक पटाशी दिली. एवढ्या दिवसांत माझ्या खांद्यावर हात ठेवणारा तो एकटा माणूस होता.

मी ग्रुप सोडला नाही.

गेल्या महिन्यात मुरूमचे नंदीश नावाचे एक निवृत्त मास्तर मंडळीत आले. त्यांचीही बैठकच ठरली. मापं त्यांनी सगळ्यांसमोर टाकली. बसल्यावर बुडापासून कोपरापर्यंत नऊ इंच. मीही ती वाचली. मग डावा हात माझ्याकडं आला आणि त्याचं माप माझ्या फोनवर वेगळं आलं. उंची सव्वापाच इंच.

मी तो आकडा पुन्हा पुन्हा वाचला. नंदीशांना सगळं सांगून टाकायचं ठरवलं आणि फोन लावला.

"अण्णा!" पलीकडून इतका आनंदी आवाज आला. "तुमीच डावा हात करणार म्हणं? घरात समदे हसतेत बगा मला. मास्तर येडं झालंय म्हणतेत. नात तेवढी टेप धरायला येती."

"नंदीश, ते माप..."

"व्हय, बोला की."

मागून बारीक आवाज आला, "अज्जा, कोण हाय?"

"माझी मानसं हायत गं, शिवप्रिया," ते तिला म्हणाले. मग मला, "हां अण्णा, मापाचं काय?"

शेडमध्ये पत्रा दुपारच्या उन्हानं कडकडत होता. घरात दुसरं कोणी नव्हतं.

"माप मिळालं," मी म्हणालो. "करून पाठवतो."

फळी मी सव्वापाचलाच कापली. काम चांगलं उतरलं. कडा तेवढ्या काचकागदानं दोनदा घासल्या. लहान मुलांची कातडी नाजूक असते.