भागीरथी आणि पळपुटी बहीण

गळ्याची शपथ, लेकराबाळांची शपथ, हवी तर मंगळाच्या दोन्ही चंद्रांची शपथ: यातला शब्दन् शब्द खरा आहे.

मंगळावरच्या तांबडेवाडीत साठी उलटली की आठवणी ‘आठवणकोठी’त ठेवायच्या. कानामागे वाटाण्याएवढी टिकली बसवतात. आठवणीचं शीर्षक मोठ्याने म्हटलं की अख्खा प्रसंग वासासकट डोळ्यांपुढे. शीर्षकाचा साचा कोठीनेच ठरवलेला: आधी नायकाचं नाव, मग ‘आणि’, मग संकट. त्यामुळे ज्याचं त्याचं आयुष्य धाडसकथांच्या मालिकेसारखं ओळीने लागायचं. भागीरथीबाईंना हे फार मानवलं. त्यांच्या मालिकेत ‘भागीरथी आणि रुसलेला पाणीपंप’ होतं, ‘भागीरथी आणि लुच्ची विहीणबाई’ होतं. सातवं होतं ‘भागीरथी आणि पळपुटी बहीण’.

चाळीस वर्षांपूर्वी दोघी बहिणींची गाडी वाळूत रुतली. टाकीत हवा थोडी. थोरली द्वारका उठली आणि चालती झाली. तेव्हापासून बोलणं बंद. आणि आज द्वारका यानाने येणार होती. तिला मिठी मारायची की दार लावून घ्यायचं, हे ठरवायला भागूबाई सकाळीच कोठीत हजर.

“मिथिला, मला अस्सल आठवण दाखव. ही टिकलीतली हल्ली जरा जास्तच करते. परवा अक्का पळता पळता मला वेडावून दाखवत होती.”

डॉक्टर मिथिला सोनकांबळे म्हणाली, “आजी, अस्सल अशी उरतच नाही. आठवण म्हणजे बरणीतलं लोणचं नव्हे. ती आमटी. मेंदू दरवेळी नव्याने करतो आणि नवीच परत ठेवतो. शीर्षक म्हणजे फोडणी. तुम्ही ‘पळपुटी’ची फोडणी किती वेळा दिलीत?”

“रोज. जेवण झालं की.”

“पळपुटी कोण गं, भागे?” दारात द्वारकाबाई उभ्या, काखेत पिशवी. “माझ्या कोठीत ‘द्वारका आणि नऊ मैलांची दौड’ आहे. धापा टाकत मदत आणली मी, आणि तू गाडीत घोरत होतीस.”

“नऊ मैल? तुला जिना चढवत नाही, अक्का.”

“द्वारकाआजी, तुमच्या पहिल्या नोंदीत चार मैल होते,” मिथिला हळूच म्हणाली.

मग तिने उपाय सांगितला. दोघींनी एकच शीर्षक एकत्र म्हटलं, तर दोघींना एकच आठवेल. पण जुन्या दोन्ही आठवणी पुसल्या जातील. आणि नवी खरी असेलच असं नाही.

भागूबाईंनी कानामागची टिकली चाचपली. चाळीस वर्षं जपलेला राग, रोज घासूनपुसून ठेवलेला. तो टाकायचा?

“लिही,” त्या म्हणाल्या. “‘भागीरथी आणि द्वारका’.”

“संकटाच्या जागी मी?” द्वारकाबाई.

“चाळीस वर्षं तूच होतीस.”

दोघींनी एका सुरात म्हटलं. गाडी रुतलेली, हवा थोडी, आणि दोघी हातात हात घालून बसलेल्या. कोणी उठलंच नाही. डोळे उघडले तेव्हा हात खरोखरच हातात होते.

“मग मदत कोणी आणली?” मिथिलाने विचारलं.

दोघींना काही केल्या आठवेना. आता कधी आठवणारही नव्हतं.

“मरो ती मदत,” भागूबाई म्हणाल्या. “जेवायला चल.” आणि दोघी पोट धरून हसल्या.

सगळं खरं हं. फक्त शेवटी दोघी हसल्या, तेवढं मी घातलंय. हसल्या त्या भागूबाई एकट्याच.